रंग उडत नाही ना, तेवढं बघ

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच मुलीचा फोन. "बाबा, फॅमिली ग्रुपवर रोज चार-चार मतं टाकत जाऊ नका हो. सगळ्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवलाय. तुमची मतं वहीत लिहा." वहीतली मतं वाचणार कोण, असं विचारलं तर म्हणाली, "तेच तर." जावयाने तिचे कान भरलेले दिसतात. असो. आजपासून मतं इथे.

पहिलं मत नव्या कुकरबद्दल. हा कुकर शिट्टी देत नाही. ही खाली भाजी आणायला गेली होती. जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो. एकही शिट्टी झाली नाही आणि बटाट्यांचा कोळसा झाला. ही आली ती ओरडतच. निदान हातवारे तरी तसेच होते. जिन्यात ऐकू येत होत्या म्हणे शिट्ट्या! हिला जिन्यातून ऐकू येतात आणि मला शेजारी बसून नाही, हे कुणाला पटेल?

मी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात उभी हयात काढली. डाव्या कानाला रिसीव्हर लावून लोकांच्या शिव्या ऐकल्या. समोरचा माणूस आता ओरडणार की रडणार, ते मला त्याच्या श्वासावरून कळायचं. त्या कानांची परीक्षा आता कुकरने घ्यायची?

कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. रात्री ब्रेड खाल्ला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विजेवरच्या बसबद्दल मत. धूर नाही, छानच आहे. पण आवाज नाही, हे काय? चौकात रस्ता ओलांडताना बस अगदी अंगावर येऊन थांबली. वाहनाने आपण आल्याची वर्दी द्यायला नको का? ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून नुसतीच तोंडाची उघडझाप करत होता. हल्लीच्या पोरांना धड शिवी देण्याइतकाही आवाज राहिलेला नाही. स्टॉपवरच्या एका बाईने मला दंडाला धरून मागे ओढलं. तिला बस बरोबर दिसली होती, म्हणजे ती त्याच बाजूला बघत असणार.

परिवहन विभागाला पत्र: विजेच्या प्रत्येक वाहनाला सक्तीचा आवाज बसवावा. माणसं मेल्यावर नियम करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

हिला यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

घरात अलीकडे फार शांतता आहे. ही पूर्वी दिवसभर बोलायची. दुकानदार काय म्हणाला, शेजारणीच्या सुनेने काय केलं, सगळं. आता चहाचा कप ठेवते आणि आत जाते. वय झालं की माणूस मितभाषी होतो, तसं असेल. खरं सांगायचं तर संध्याकाळी थोडं सुनं वाटतं.

एक विषय मात्र बंद झाला ते बरं झालं. हे तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर कुठेतरी राहायला जाऊ, हे हिचं जुनं पालुपद. इमारतीला लिफ्ट नाही आणि हिचे गुडघे कुरकुरतात. पण मी प्रत्येक वेळी सांगितलं, या गॅलरीतून चौक दिसतो, बसस्टॉप दिसतो, सिग्नल कोण तोडतो ते दिसतं. माझी सगळी मतं इथे तयार होतात. तळमजल्यावर बसून माणसाला काय दिसणार? समोरच्याची चप्पल. त्यावर ही म्हणायची, "तुम्ही माझं कधी म्हणून ऐकत नाही."

ऐकत नाही कसं? मी प्रत्येक वाक्याला "हं" म्हणतो. तक्रार विभागात नव्याने आलेल्यांना मी हेच शिकवायचो. ग्राहकाला मध्ये तोडू नये, सारखं हं म्हणत राहावं. निम्मी तक्रार त्या "हं"नेच मिटते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी बातम्या बघत होतो. (मत: वृत्तनिवेदक हल्ली तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलतात.) ही माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. बहिणीच्या शेजारी काहीतरी बघून आली होती. हिची बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिथे दुकानं पुष्कळ आहेत. मी हं, हं करत होतो. मग हिने माझ्याकडे वळून नीट विचारलं, "धागा घेऊ या का?"

हिचं क्रोशाचं विणकाम चालू असतं. आता धागा घ्यायला माझी परवानगी कशाला? पण इतक्या दिवसांनी हिने काहीतरी विचारलं याचाच मला आनंद झाला. म्हणालो, "घे की! त्यात विचारायचं काय?"

ही माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच? तुम्ही बघायला नाही येणार?"

"मला त्यातलं काय कळतंय? तुझी नजर पुरे. रंग उडत नाही ना, तेवढं बघ."

"रंग काय, आपल्याला हवा तो घेऊ," म्हणाली आणि चक्क माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले होते हिचे. धाग्यासाठी! मला थोडं लाजल्यासारखं झालं. माणसाने बायकोच्या छोट्या छोट्या गोष्टींना असा मोकळा होकार देत राहावं, हे आजचं मत. खर्च काही नाही आणि माणूस खूश.

१८ फेब्रुवारी, बुधवार

न्हाणीघराच्या भिंतीला ओल आल्याची तक्रार मी इमारतीच्या कमिटीकडे मागेच केली होती. आज शेवटी पाहणीला माणसं आली. एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. हल्ली पाहणीला नवराबायको मिळून येतात का, कोण जाणे. हिने त्यांना आत घेतलं, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, मी हं म्हणालो आणि सूत्रं हातात घेतली.

एकही गोष्ट लपवली नाही. ओल दाखवली. मागच्या खोलीतली खिडकी लाथ मारल्याशिवाय लागत नाही, ती लाथ मारून दाखवली. नळाला चार वाजता पाणी जातं तेही सांगितलं. फक्त एक गोष्ट चांगली सांगितली. म्हटलं, "पूर्वी रस्त्याचा फार गोंगाट यायचा. गेली दोनेक वर्षं अजिबात नाही. अगदी शांत." त्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला हसू आवरेना.

ते गेल्यावर ही कपाळाला हात लावून बसली. मग तिलाही हसू फुटलं. मोठ्याने म्हणाली, "हरिश्चंद्राचे अवतार!" मी म्हटलं, दुखणं लपवून औषध मिळत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरात उत्साहाचं वातावरण आहे. हिने कपाटं उपसायला काढली आहेत. जुनी भांडी, फाटके पडदे, पाहुण्यांसाठी जपलेल्या आणि पाहुण्यांना कधी न मिळालेल्या चादरी, सगळं वाटून टाकते आहे. मला हे मनापासून पटलं. माणसं घरात वस्तू कोंबतात आणि मग वस्तूंच्या मध्ये कडेकडेने राहतात. काम करताना हिचे ओठ हलत होते. गात असावी.

धाग्याचा मात्र पत्ता नाही. रोज बहिणीकडे जाते, रोज रिकाम्या हाताने येते. शेवटी जेवताना विचारलं, "काय गं, तो धागा मिळाला की नाही अजून?"

"कसला धागा?"

"अगं, तू नाही का विचारलंस त्या दिवशी, धागा घेऊ या का म्हणून? मी म्हटलं घे की. क्रोशाचा."

हिच्या हातातला घास तसाच राहिला.  मला वाटलं, ठसका लागला. पाणी पुढे केलं तर घेतलं नाही. मग मान हलवून म्हणाली, "बघते," आणि ताट घेऊन आत गेली.

विसरली असणार. मी उगाच आठवण केली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कपाटांचं काम अर्ध्यावर थांबलं आहे. ही गप्प. बहिणीकडेही गेली नाही. मुलीशी मात्र फोनवर खूप वेळ बोलली, दार लावून. मायलेकींचं काहीतरी बिनसलं असावं. अशा वेळी आपण कानाडोळा करावा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज मुलगी येऊन मला घेऊन गेली. म्हणाली, "बाबा, मला कान तपासून घ्यायचेत, सोबत चला." कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आलाच आहात तर तुम्हीही बसा काचेच्या खोलीत. आवाज आला की बटण दाबायचं.

मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. अधूनमधून काहीतरी वाजलं, मी दाबलं. मग बराच वेळ काही नाही. पुढची परीक्षा कधी सुरू होते याची वाट बघत होतो तर बाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, "तुमचं यंत्र बंद पडलं होतं वाटतं मध्ये." बाई आणि मुलगी एकमेकींकडे बघत राहिल्या.

बाईंनी कागदावर रेघ दाखवली. उजवीकडे जाता जाता जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. डावा कान जास्त वाईट, पण उजव्यातही फार राम नाही. बारीक आवाज आधी जातात म्हणाल्या. शिट्ट्या, घंटा, पाखरं, बायकांचे आवाज. शब्दांच्या सुरुवातीची अक्षरं जातात, आणि माणूस उरलेल्या अक्षरांवरून आपल्या मनातला शब्द जुळवून घेतो. "त्याला वाटतं, आपल्याला ऐकू आलं."

मी म्हटलं, बायकांचे आवाज आधी जातात म्हणजे निसर्गाने सोय करून ठेवली आहे. एरवी अशा विनोदाला मुलगी हसते. आज हसली नाही. येताना गाडीत म्हणाली, "आई तुमच्याशी बोलायची थांबली का, कधी विचारलंत?"

घरी येऊन कुकर लावला. अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. शिट्टीची वाफ दिसली. आवाज नाही. मला फार वाईट वाटलं. कंपनीला पत्र लिहून तक्रार मागे घेतली. बसची मागणी मात्र कायम आहे. ती आता जास्तच पटते.

८ मार्च, रविवार

यंत्रं आली. दोन्ही कानांमागे एकेक. (मत: कानाचं यंत्र घेणारी माणसं बहुधा चष्म्याचीही असतात, तरी सोबतची पुस्तिका मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापली आहे. पत्र लिहिणार.)

पेपर इतका कडकडतो हे विसरलो होतो. चपला वाजतात. फ्रिज अखंड कुरकुरतो. चौकाचा गोंगाट तर असा घुसला की मी गॅलरीचं दार लावून घेतलं. त्या दोघांपुढे मी शांतता म्हणून काय विकत होतो, देव जाणे.

मग ही दारात येऊन म्हणाली, "येतंय का ऐकू?"

हिचा आवाज म्हातारा झालाय. थोडा चिरकतो, शेवटी शेवटी थकतो. माझ्या डोक्यात हिचा जुनाच आवाज होता आणि इतकी वर्षं हं, हं करत मी त्या जुन्या आवाजालाच उत्तर देत होतो. मी म्हटलं, "येतंय."  ही म्हणाली, "मग रडता कशाला?" आणि स्वतःही पदर डोळ्यांना लावला.

१० मार्च, मंगळवार

मी पेपर वाचत होतो. ही स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. ऐकायचं नव्हतं, पण नव्या यंत्राला भिंतीचं वावडं नाही.

"नाही गं, सह्या नाही अजून. थांबवल्यात मी... हो, ती माणसं आपलं घर घ्यायला तयार आहेत. ती बाई म्हणाली, ज्या माणसाने स्वतः ओल दाखवली, त्याच्याकडून डोळे मिटून घर घ्यावं... नाही, ती जागा जाऊ देऊ नको म्हणावं मालकाला. चार दिवस मागून घे."

जागा.

जागा घेऊ या का.

मी पेपर खाली ठेवला.  धागा नव्हताच. आणि मी म्हणालो होतो, घे की! त्यात विचारायचं काय! बघायलाही आलो नाही. रंग उडत नाही ना, तेवढं बघ म्हणालो.

आत ही पुढे बोलतच होती, "तुला काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझं ऐकलं असं वाटलं मला. आठवडाभर पायच जमिनीवर नव्हते..." मग नळ सुरू झाला आणि पुढचं काही कळलं नाही.

सह्या का थांबवल्या असतील? कागदपत्रांत काहीतरी घोळ असेल. सरकारी कामाला उशीर हा ठरलेलाच. म्हणजे अजून मोडता येईल. आत जाऊन एक वाक्य बोललं की झालं: अगं, मला ऐकूच आलं नव्हतं. खरंच आहे ते. उठलो. दारापर्यंत गेलो. ही भांडी घासत होती, पण आज काही गुणगुणत नव्हती. परत येऊन बसलो.

११ मार्च, बुधवार

गॅलरीत बसलो. आज कशाबद्दलच मत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

दुपारी ही भाजी घेऊन येत होती. मी घराचं दार उघडं ठेवून बसलो होतो, वारा यावा म्हणून. खालचा दरवाजा वाजला तो ऐकू आला. मग हिची पावलं. एक पाय टेकायचा, दुसरा त्याच्या शेजारी आणायचा. कठड्याला बांगडी घासल्याचा आवाज. पहिल्या मजल्यावर थांबली. "आई गं." पिशवी खाली ठेवली, पिशवी उचलली. पुन्हा पावलं. दुसऱ्या मजल्यावर जास्त वेळ थांबली. तिथे श्वास ऐकू आला. श्वासावरून मला कळतं, हे मी या वहीत पहिल्याच दिवशी मोठ्या तोऱ्यात लिहिलं आहे. "आई गं, आई गं," असं दोनदा म्हणाली, अगदी हळू. कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

आणि मग दारात आली ती हसत. "काय हो, वारा खाताय?"

रोज असंच येत असणार. मी इथेच असायचो, या खुर्चीत, सिग्नल तोडणारे मोजत.

पिशवी हातातून घेतली. म्हटलं, "तू बघितलेली ती जागा मला दाखव ना एकदा."

ही एकदम थांबली. "जागा?"

"जागा," मी म्हणालो.

१५ मार्च, रविवार

जागा पाहून आलो. दोन खोल्या, तळमजला, पुढे पाच-सहा कुंड्या मावतील एवढं अंगण. बहिणीचं घर पलीकडेच, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. चौक नाही, बसस्टॉप नाही. समोर एक भिंत आणि भिंतीवर मांजर. माझा जीव कासावीस झाला, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

ही मात्र या खोलीतून त्या खोलीत, तिथून अंगणात, पुन्हा आत. कुठेही कठडा धरायचा नाही, थांबायचं नाही. इतकी भरभर चालते ही, मी विसरलो होतो.

भिंतीवरून बोट फिरवून बघितलं. बोटाला पिवळा रंग लागला. उडतो तर. बोट खिशात घातलं.

"कसा वाटतोय रंग?" हिने विचारलं.

"चांगला आहे."

ही माझ्या खिशाकडे बघून हसली.

२० मार्च, शुक्रवार

वकिलांच्या ऑफिसात सह्या. आमचं घर घेणारे ते नवराबायको आले होते. त्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला, जसा काही मी सत्यवचनाचा ठेका घेतला आहे. वकिलांनी कागद पुढे सरकवले. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात हिने कागदावर हात ठेवला. वकिलांना म्हणाली, "एक मिनिट हं." मग खुर्ची माझ्याकडे वळवली, उजव्या बाजूला, त्या दिवशी बसली होती तशीच. सगळ्यांसमोर, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "अहो, आपण जागा घेऊ या का?"

"हं," मी म्हणालो.

"हं नको. नीट सांगा."

"घे की. त्यात विचारायचं काय?"

तरी हिने हात काढला नाही. माझ्या कानामागच्या यंत्राकडे बघितलं आणि मग माझ्या डोळ्यांत. "या वेळी ऐकू आलं ना?"

म्हणजे हिला माहीत होतं. मी जेवताना धाग्याचं विचारलं तेव्हापासून. सह्या कागदपत्रांच्या घोळामुळे थांबल्या नव्हत्या. माझे कान येईपर्यंत ही थांबली होती. आणि मी आपला हिला कळू नये म्हणून आठवडाभर जिवाचा आटापिटा करत होतो.

म्हणालो, "आलं. सगळं ऐकू आलं. जिन्यातलं पण."

हिने हात काढून घेतला. मी सही केली. 

परत येताना ही एका दुकानात शिरली आणि खरोखरच क्रोशाचा धागा मागितला. निळा. दुकानदार पिशवीत घालायला लागला तसा मी तो काढून घेतला, बोट ओलं करून त्यावर चोळलं आणि उजेडात धरून बघितलं. रंग उडत नाही.